बिहेवियर चार्ट भरण्याआधी : मेलबर्नच्या वृद्धाश्रमांत ड्यूटी करणाऱ्या मराठी मंडळींना खुले पत्र

मंडळी, सप्रेम नमस्कार.

हे पत्र मराठीत लिहितेय, कारण हँडओव्हरच्या दहा मिनिटांत हे सांगून होत नाही आणि पॅन्ट्रीत उभ्या उभ्या चहा पिताना आपण एकमेकांना जे खरं बोलतो ते मराठीतच बोलतो. थॉमस्टाउन, प्रेस्टन, कोबर्ग, ओकली या भागांतल्या वृद्धाश्रमांत आपल्यातले बरेच जण आहेत. कोणी आरएन (रजिस्टर्ड नर्स), कोणी पर्सनल केअर, कोणी मास्टर्स करता करता वीकेंडच्या नाईट मारणारे. आपल्याकडे ज्या म्हाताऱ्या माणसांचे चार्ट असतात त्यांतले पुष्कळ ग्रीक. स्मृतिभ्रंशात इंग्रजी हरवून बसलेले ग्रीक.

त्यांच्या वागण्याचं मोजमाप आपण करतो. आणि ते आपण बऱ्याचदा चुकवतो. सुरुवात माझ्यापासून करते.

मी मिरजेला नर्सिंग केलं. इथे आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात सात नंबरच्या खोलीतल्या आजी माझ्याकडे होत्या. सूपचा वाडगा पुढे ठेवला, हाताने खूण केली, "खाणार ना?" आजी म्हणाल्या, "ने, ने." मराठी कानाला 'ने' म्हणजे काय? मी वाडगा उचलला आणि नेला. आजींनी चमचा फेकला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी माझं मनगट धरलं. मी चार्टवर लिहिलं: जेवण नाकारते, जेवणाच्या वेळी आक्रमक. रविवारी त्यांची लेक आली तेव्हा कळलं, ग्रीकमध्ये 'ने' म्हणजे 'हो'. तीन दिवस ती बाई हो हो म्हणत होती आणि मी समोरचं ताट उचलून नेत होते.

'नाही'ची गंमत याच्या उलट. ग्रीकमध्ये 'नाही'ला 'ओही' म्हणतात, तो 'ही' जरा घशातून, ह आणि ख यांच्या अधेमधे. घाईतल्या इंग्रजी कानाला तो थेट 'ओके' वाटतो. "शॉवर, ओके?" "ओही!" "ओके, गुड." आणि कपडे काढायला सुरुवात. पुढे नखं लागली की चार्टवर खूण: काळजी घेऊ देत नाही. अहो, नाही म्हटल्यावर कपडे काढले तर तुम्ही-मी काय केलं असतं?

मानेचंही तसंच. मान वर, मागे झटकून, भुवया उंचावून जिभेने 'च्' केलं की ग्रीक माणसाने 'नाही' म्हटलं. आपल्याकडे मान वर झटकली की 'काय रे?' असा अर्थ होतो, आणि 'च्' म्हणजे वैताग. म्हणून एखादे आजोबा साधं 'नको' म्हणत असतात आणि आपण 'चिडचिड' या रकान्यात खूण करून मोकळे होतो.

आता तुम्ही म्हणाल, ही भाषेची गंमत झाली, मोजमापाच्या पट्ट्या तर शास्त्रीय आहेत. त्याच पट्ट्यांबद्दल बोलू.

खूप वापरली जाणारी एक पट्टी म्हणजे एनपीआय, न्यूरोसायकियाट्रिक इन्व्हेंटरी. १९९४ साली अमेरिकेत जेफ्री कमिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढली. आधी १० भाग होते, नंतर झोप आणि भूक हे दोन जोडून १२ झाले. भ्रम, भास, चिडचिड, उदासी, निरिच्छता, उगाच येरझाऱ्या वगैरे. प्रत्येक भागात किती वेळा घडतं याला १ ते ४, किती तीव्र याला १ ते ३, दोन्हींचा गुणाकार. म्हणजे एका भागाचे जास्तीत जास्त १२ आणि एकूण १४४. आकडा भारी दिसतो. पण तो येतो कुठून? रुग्णाला कोणी काही विचारतच नाही. उत्तरं देतो तो त्याला सांभाळणारा. घरी असेल तर लेक किंवा बायको, आणि वृद्धाश्रमासाठी जी वेगळी आवृत्ती आहे तिच्यात आपण.

या पट्टीचं ग्रीक भाषांतर झालेलं आहे आणि ग्रीसमधल्या अल्झायमरच्या रुग्णांवर ते तपासूनही पाहिलं आहे. तो अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. काम चांगलं आहे. पण त्याने कागदावरचे प्रश्न ग्रीक झाले. इथे प्रश्नही इंग्रजी, उत्तर देणारी मी सांगलीकडची, आणि जिच्याबद्दल बोलायचं ती ग्रीसमधल्या कलामाताजवळच्या खेड्यातली. 'या व्यक्तीला खोट्या समजुती आहेत का?' असा प्रश्न येतो. तिचं बोलणंच मला कळत नाही, तर तिची समजूत खरी की खोटी हे मी कशावरून ठरवू?

एक उदाहरण देते, कारण यावरून माझी झोप उडाली होती. एक आजोबा गोळ्या घ्यायच्या वेळी तोंड घट्ट मिटायचे आणि म्हणायचे, "फार्माकी." आम्हा सगळ्यांचा समज, फार्मसी किंवा औषध असं काहीतरी म्हणत असतील. कोणी कौतुकानेही म्हणायचं, "बघा, गोळ्यांची वेळ बरोबर कळते यांना." औषधाला ग्रीकमध्ये 'फार्माको' म्हणतात. 'फार्माकी' म्हणजे विष. आम्ही दिवसातून तीनदा विष भरवतोय असं ते म्हणत होते, आणि एनपीआयमध्ये भ्रमाच्या रकान्यात आमचं शून्य. हे कळल्यावर एकीने लगेच तिथे बारा लिहायची तयारी केली. नशिबाने फोनवरच्या दुभाषीताईंनी थांबवलं. त्या म्हणाल्या, अतिशय कडू चवीलाही आमच्याकडे फार्माकीच म्हणतात, आपण 'कडूजहर' म्हणतो तसं. गोळी चुरून दह्यात घालत होतो आम्ही. चव घेऊन पाहिली. कडूजहर होती.

म्हणजे एकच शब्द, आणि त्याचे तीन आकडे. न कळता शून्य, अर्धवट कळून बारा, आणि नीट विचारल्यावर पुन्हा शून्य. हे पुन्हा आलेलं शून्य मात्र आधीच्या शून्यासारखं नाही. त्याने गोळी बदलली, डोस वाढला नाही.

काही वेळा आपण उगाच जास्त मार्क देतो. अस्वस्थ, आक्रमक वागणं मोजायची कोहेन-मॅन्सफील्डची २९ कलमांची यादी तुम्ही पाहिली असेल. तिच्यात थुंकणे हे एक कलम आहे. सात नंबरच्या आजी नव्या मुलीकडे बघून तीन वेळा "फ्तू फ्तू फ्तू" करायच्या. स्टाफवर थुंकते अशी नोंद झाली, मग मास्क लावून जा अशी सूचना. मी मात्र पहिल्यांदा पाहिलं आणि हसूच आलं. माझी आजी भाचीला तीट लावून हेच करायची. ग्रीक लोकांत वाईट नजरेला 'माती' म्हणतात, शब्दशः डोळा. कौतुक केलं की लगेच फ्तू फ्तू, दृष्ट लागू नये म्हणून. थुंकी उडत नाही, आवाजच असतो. इंग्रज मॅनेजरला हे कळायला अवघड आहे, पण मीठ-मोहऱ्या ओवाळून घेतलेल्या आपल्यासारख्यांना कळायला नको?

त्याच यादीत वस्तू लपवणे आणि साठवणे हीसुद्धा कलमं आहेत. उशीखाली पावाचे तुकडे, कपाटात साखरेच्या पुड्या. खरंच आहे, हे स्मृतिभ्रंशात होतं आणि सगळ्याच देशांच्या माणसांत होतं. पण आज नव्वदीत असलेल्या ग्रीक माणसाचं बालपण बघा. १९४१ ते १९४४ जर्मन, इटालियन आणि बल्गेरियन फौजांचा ताबा. १९४१-४२च्या हिवाळ्यात अथेन्समध्ये माणसं रस्त्यावर भुकेने मेली. ते संपतं न संपतं तोच १९४६ ते १९४९ यादवी युद्ध, गावंच्या गावं दोन गटांत फाटलेली, रात्री दार वाजलं की कोणाला नेतील याचा भरवसा नाही. त्या मुलाने उशीखाली पाव ठेवला तर तो चार्टमध्ये जरूर लिहा, पण 'साठवणे' एवढाच शब्द टाकून पुढे जाऊ नका. आणि रात्री दोनच्या राउंडला टॉर्चचा झोत तोंडावर टाकत दार उघडण्याआधी, आत झोपलेल्याला बूट आणि टॉर्च यांतून काय आठवेल याचा विचार करा. नाइटच्या मंडळींना हे मुद्दाम सांगतेय.

भुकेच्या रकान्याबद्दल थोडक्यात. ऑर्थोडॉक्स ईस्टरच्या आधी सुमारे सात आठवडे उपवास असतो, मांस-अंडी-दूध वर्ज्य. १५ ऑगस्टच्या आधी आणखी पंधरवडा, आणि कडक पाळणाऱ्यांचे बुधवार-शुक्रवार वेगळेच. किचनला बहुतेक वर्षी इथलाच ईस्टर माहीत असतो, ग्रीकांचा नंतर येतो. म्हणून किचनमधून लँब येतं तेव्हा आजींचा उपवास चालू असतो आणि त्या ताट सरकवतात. तारीख आठवत नाही, पण अंगात मुरलेलं जात नाही. एकादशीला आपल्या आईच्या पुढे कांदाभजी ठेवून बघा.

आता याची दुसरी बाजू. याचा अर्थ सगळं 'संस्कृती' म्हणून सोडून द्यायचं असा घेऊ नका. आपल्यातल्या काहींना तीही सवय लागलीय. "ग्रीक ना, मोठ्यानेच बोलतात." "काळे कपडे, विधवा आहे, त्यांच्यात असतंच." असतं. पण काळ्या कपड्यांच्या आत एखादी बाई खरोखर खचलेली असते आणि तिचं दुःख पोशाखात जमा होऊन जातं.

म्हणून उदासीच्या मोजमापाची मला सगळ्यांत जास्त चिंता वाटते. कॉर्नेल स्केल तुम्हाला पाठ असेल; १९८८ साली निघालेली, १९ कलमांची, जॉर्ज अलेक्सोपोलस आणि सहकाऱ्यांची. (आडनावावरून कळेलच मूळ कुठलं.) जुन्या एसीएफआयच्या, म्हणजे वृद्धाश्रमांना सरकारी पैसे ठरवून देणाऱ्या पद्धतीच्या काळात फंडिंगसाठी ती भरावी लागायची, म्हणून कित्येकांच्या लेखी ती पैशाचा कागद बनली. ऑक्टोबर २०२२ मध्ये एसीएफआय गेलं, पण घाईने खुणा करायची सवय राहिली. तिच्यात आपण इंग्रजीतून विचारतो, "सॅड वाटतं का?" ग्रीक आजी म्हणते, "ओही." मग छातीवर हात ठेवून म्हणते, "स्तेनोहोरिया." हा शब्द कृपा करून पाठ करा. त्याची फोड केली तर निघतं 'अरुंद जागा'. आपला 'कोंडमारा' जवळजवळ तोच. आपल्या आया "मला डिप्रेशन आलंय" म्हणतात का? जीव घाबरतो म्हणतात, छातीत भरून आलंय म्हणतात, डोकं गच्च झालंय म्हणतात. तसंच आहे ते. छातीवर हात पाहून आपण बीपी घेतो, ईसीजी काढतो (काढावाच), नॉर्मल आला की निघून जातो. कोंडमारा तिथेच राहतो.

निरिच्छतेचं तर विचारूच नका. जो माणूस खोलीत गप्प बसून राहतो तो कोणाला त्रास देत नाही, म्हणून त्याचा चार्टच भरला जात नाही. किंवा 'अ‍ॅपथी' म्हणून मोकळे होतो. आमच्याकडचे एक आजोबा सहा महिने भिंतीकडे बघत होते. एक दिवस ग्रीक स्वयंसेवक तावली घेऊन आले, म्हणजे फासे टाकून सोंगट्या पळवण्याचा त्यांचा खेळ. आजोबांनी सोंगट्या आपटल्या, समोरच्याला शिव्या दिल्या, चीटिंग करतोस म्हणून ओरडले. शेजारच्या खोलीतून तक्रार आली. मला विचाराल तर त्या दिवशी त्यांच्या चार्टवर लिहिण्यासारखं पहिल्यांदाच काही घडलं होतं. निरिच्छता होती की सहा महिने त्यांच्याशी कोणी बोललंच नव्हतं?

दुखण्याची एक गोष्ट सांगते आणि मग मागण्यांकडे वळते. 'पोनाओ' म्हणजे मला दुखतंय. 'पिनाओ' म्हणजे मला भूक लागलीय. 'दिप्साओ', तहान लागलीय. 'नेरो', पाणी. 'क्रियोनो', थंडी वाजतेय. हे पाच शब्द लिहून घ्या. रात्री कोणी "पोनाओ, पोनाओ" ओरडत असेल तर ते 'निरर्थक ओरडणे' या रकान्यात जाऊ देऊ नका. आधी अ‍ॅबी पेन स्केल काढा, ती इथली ऑस्ट्रेलियाचीच आहे, सहा मुद्दे, दोन मिनिटांचं काम. पोट साफ झालंय का बघा, लघवी तपासा, कवळी टोचतेय का बघा, कानातलं यंत्र चालू आहे का बघा. पीआरएन, म्हणजे गरजेपुरतं द्यायचं औषध, सगळ्यांत शेवटी. स्मृतिभ्रंशात अँटिसायकोटिक औषधांनी पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो हे आपल्याला ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं आहे. या देशात त्यांतलंच एक, रिस्पेरिडोन, अल्झायमरमधल्या अशा वागण्यासाठी फार तर १२ आठवडे द्यायचं आहे. डॉक्टर ते कशावर लिहितात? दहा मिनिटं येतात आणि आपला चार्ट वाचतात. आपण लिहिलेल्या 'आक्रमक' या शब्दावर त्यांची सही होते.

माझं मागणं फार नाही. एक छोटी वही खिशात ठेवा आणि कळलं नाही ते देवनागरीत लिहा. जसं ऐकू आलं तसंच. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं दुसऱ्या दिवशी आपल्यालाच वाचता येत नाही. देवनागरीत लिहिलेलं मी ग्रीक क्लीनरबाईंना वाचून दाखवते आणि त्या लगेच अर्थ सांगतात. ग्रीकमध्ये 'चमचा'तला च आहे, 'जहाज'मधला ज आहे, ते इंग्रजी अक्षरांत नीट बसत नाहीत आणि आपल्या तोंडात आयते आहेत. नाव-खोली नंबर त्या वहीत लिहू नका, नाहीतर प्रायव्हसीवरून माझ्याच मागे लागाल. चार्टवर 'असंबद्ध बडबड' असं लिहिण्याऐवजी 'ग्रीकमध्ये बोलत होत्या, मला कळलं नाही' असं लिहा. त्यात कमीपणा नाही. ते खरं आहे आणि पुढच्या शिफ्टला उपयोगी आहे.

दुसरं, दुभाषी. १३१ ४५० हा सरकारी दुभाषी सेवेचा नंबर चोवीस तास चालतो, रात्री तीनलाही. मोजमापाच्या दिवशी तो लावाच. आणि दुभाष्याला आधीच सांगा, बोलणं तुटक असेल तर तुटकच सांगा, सरळ करून देऊ नका. चांगले दुभाषी सवयीने वाक्य नीट करून देतात आणि मग रुग्ण आहे त्यापेक्षा शहाणा वाटतो.

लेकी-सुनांना विचारायचं नाही का? विचारायचं, पण त्यांच्यावर सगळं टाकायचं नाही. बापाने आईच्या चारित्र्यावर काय शिवी दिली ते कुठली मुलगी आपल्याला जसंच्या तसं सांगेल? "काही नाही, दमलेत" म्हणेल. ग्रीकांत एक वाक्य आहे, 'ती था पी ओ कोझ्मोस', लोक काय म्हणतील. हे आपल्याला समजावून सांगायची गरज नाही. स्मृतिभ्रंशाला ग्रीकमध्ये 'आनिया' म्हणतात, मती नसणे. आपल्याकडे म्हातारचळ. या शब्दांना घरोघरी जी लाज चिकटलीय तीच लेकीच्या उत्तरातही उतरते. तिला एकटीला बाजूला बसवा, कॉफी द्या, आणि 'त्रास होतो का' असं न विचारता 'काल रात्री काय झालं' असं विचारा.

एक बारीक गोष्ट. ग्रीसमधून आला म्हणजे पहिली भाषा ग्रीकच, असं धरून चालू नका. उत्तरेकडच्या फ्लोरिनाकडून आलेल्या काहींच्या घरात मॅसिडोनियन बोलली जायची. सायप्रसच्या लोकांची बोली वेगळी. आणि साठ वर्षं इथे काढलेले 'कारो' म्हणतात, म्हणजे गाडी. अथेन्सहून आलेल्या तरुण दुभाष्यालाही ते कळायला क्षणभर लागतं. अ‍ॅडमिशनच्या फॉर्मवर 'भाषा: ग्रीक' लिहिण्याआधी, लहानपणी आईशी कुठल्या भाषेत बोलायचात, एवढं विचारा.

मॅनेजमेंटने काय करावं यावर मी पान खर्च करणार नाही. वृद्धसेवेची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनचा अंतिम अहवाल मार्च २०२१ मध्ये आला, १ नोव्हेंबर २०२५ पासून वृद्धसेवेचा नवा कायदा लागू झाला, त्यातल्या हक्कांत आपल्या पसंतीच्या भाषेत बोलण्याचा आणि लागेल तिथे दुभाषी मिळण्याचा हक्क लिहिलेला आहे. मीटिंगमध्ये कोणी "बजेट नाही" म्हटलं तर एवढं वाक्य लक्षात ठेवा. पण फॉक्नरच्या सेंट बेसिल्स या ग्रीक वृद्धाश्रमाची आठवण मात्र काढायलाच हवी. जुलै २०२० मध्ये तिथे कोविड शिरला, २२ तारखेला नेहमीचा सगळा स्टाफ क्वारंटाइनमध्ये गेला आणि बाहेरून नवी माणसं आणली गेली. ४५ जण कोविडने गेले. त्याची कारणं अनेक आहेत, चौकशीत ती निघाली, भाषेवर सगळं ढकलण्याचा माझा इरादा नाही. पण एजन्सीतून अशा अनोळखी ठिकाणी शिफ्ट केलेल्या प्रत्येकाला विचारा: कोण 'ने' म्हणतंय आणि कोण 'नेरो' म्हणतंय, हे ज्याला माहीत होतं तोच घरी गेलेला असतो. आपल्याला माहीत असलेलं आपल्यापाशीच राहिलं, चार्टवर आलं नाही, तर पुढच्या माणसाकडे काहीच उरत नाही.

म्हणून सात नंबरच्या आजींच्या केअर प्लॅनमध्ये मी दोन ओळी घालून घेतल्या. बऱ्याच हुज्जतीनंतर, कारण रकान्याचं नाव 'स्टाफवर थुंकणे' असंच होतं आणि सिस्टिममध्ये ते बदलता येत नव्हतं. त्याच्याखाली आता लिहिलेलं आहे: 'फ्तू फ्तू फ्तू. तुम्ही त्यांना आवडलात. उत्तर द्यावं: एफ्हारिस्तो, किरिया.' धन्यवाद, बाईसाहेब. परवा नवीन आलेला नांदेडचा मुलगा ते वाचून आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या दोन्ही गालांवर आजींच्या बोटांचे लाल ठसे होते, आणि सूपचा वाडगा रिकामा होता.

तुमची,
नॉर्थमधली एक आरएन